नारू गेला, धडा राहिला



परवा श्रीगोंद्याला वर्गात मी फळ्यावर 'नारू' हा शब्द लिहिला. एका मुलाने विचारले, "सर, हे कुणाचं नाव?" पुढे त्याच मुलाच्या आजोबांची गाठ पडली. त्यांनी काही न बोलता धोतर वर सारले आणि घोट्याजवळचा जुना वण दाखवला.

नारूचे मूळ पिण्याच्या पाण्यात. पायविहिरीत लोक उतरत, घागर बुडवीत आणि पायही तिथेच बुडवीत. नारू झालेल्याच्या फोडातून अळ्या पाण्यात पडत. पाण्यातले अगदी बारीक जीव त्या गिळत आणि ते पाणी प्याले की रोग पोटात जाई. सुमारे वर्षभराने दीड-दोन हात लांबीचा किडा कातडी फोडून बाहेर येई. तो काडीला गुंडाळीत रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला तर पाय सुजे, पिके. ऐन पेरणीत घरचा कर्ता माणूस खाटेला खिळून राही.

आता गंमत पाहा. या रोगावर ना लस होती, ना गुणकारी औषध. तरीही देशातला शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त ठरवला. हे कशाने साधले? पाणी दुहेरी फडक्यातून गाळले, पायविहिरी बंद करून हातपंप बसवले, आणि नारू झालेल्याने पाण्यात पाय घालायचा नाही, हा नियम गावोगाव पाळला गेला.

म्हणजे आरोग्य ही केवळ दवाखान्यातून आणायची वस्तू नव्हे. ते घरातल्या रोजच्या सवयींत असते. आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या साध्यासुध्या बायांना आरोग्याचे शिक्षण दिले. शाळेची पायरीही न चढलेल्या कितीतरी बाया गावाच्या आरोग्यसेविका झाल्या.

माय-बहिणींनो, पोराला जुलाब लागले की त्याचे पाणी तोडायचे, हा जुना समज सोडून द्या. त्यानेच पोर सुकते आणि हातचे जाते. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवा आणि घोट घोट पाजत राहा. अंगावरचे दूध चालूच ठेवा. पोर मलूल झाले, डोळे खोल गेले, तर मात्र घटकाभरही न थांबता दवाखाना गाठा.

आणखी एक सांगून ठेवतो. फडक्याने नारू अडला. पण कॉलरा, हगवण यांचे जंतू फडक्यातून पार जातात. त्यासाठी पाणी उकळलेच पाहिजे, नाहीतर त्यात मेडिक्लोर टाकले पाहिजे. रांजणात हात न बुडवता ओगराळ्याने पाणी घ्यावे. शौचाहून आल्यावर आणि भाकरीला बसण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. राखुंडीच्या जागी मिश्री नको.

शिक्षकमित्रहो, खिचडी वाढण्यापूर्वी मुलांचे हात धुऊन घेता, तसे त्यांच्यासमोर आपलेही धुवा. तुम्ही सांगितलेले मुले विसरतील. तुमच्या खिशातली तंबाखूची पुडी मात्र विसरणार नाहीत.

आजोबांच्या पायावर वण आहे, नातवाच्या पायावर नाही. मध्ये एक साधे फडके आहे. आपल्या नातवंडांसाठी आपण काय बांधून ठेवणार, एवढे आज रात्री जेवताना घरी बोला.