टेकू द्यावा, पण विचारून

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे संपादित रूप)



इमारत कशी उभी राहते, हा आजचा विषय. त्यात गणित आहे, पण तोंडी करता येईल तेवढंच सांगणार आहे. सुरुवात गॅलिलिओपासून करू. दुर्बिणीतून गुरूचे चंद्र पाहणारा गॅलिलिओ आपल्या ओळखीचा असतो. पण म्हातारपणी, नजरकैदेत असताना, त्याने वस्तू का मोडतात यावरही लिहिलं. ते पुस्तक १६३८ साली हॉलंडमधल्या लायडनला छापलं गेलं. त्यात एक गोष्ट आहे.

संगमरवराचा एक मोठा खांब आडवा करून दोन ओंडक्यांवर ठेवला होता, दोन्ही टोकांजवळ एकेक. एका कारागिराच्या मनात आलं, एवढा जड खांब, आपल्याच वजनाने मध्यावर मोडायचा; त्यापेक्षा मधोमध तिसरा टेकू दिलेला बरा. सगळ्यांना पटलं. काही महिन्यांनी पाहतात तर खांबाला तडा, आणि तोही नेमका त्या नव्या टेकूच्या वर! टोकाचा एक ओंडका कुजून खचला होता आणि मधला टेकू मात्र टणक राहिला होता. त्यामुळे खांबाचा अर्धा भाग अधांतरी लोंबत राहिला. मधला टेकू नसता, तर खचणाऱ्या ओंडक्याबरोबर खांबही मुकाट खाली बसला असता.

आधार वाढवला की मजबुती वाढते, ही आपली समजूत अर्धीच खरी आहे. भार कोणत्या वाटेने जमिनीत उतरतो, ते आधी कळायला हवं. आधार दिला की ती वाट बदलते, आणि मग जिथे कालपर्यंत काही होत नव्हतं तिथे मोडतं.

समजा, तो खांब १६ टनांचा होता आणि आधार अगदी टोकांना होते. दोनच आधार असताना हिशेब सोपा. खाली १६, म्हणून वर १६; दोन्ही बाजू सारख्या, म्हणून ८ आणि ८. खांब दगडाचा असो, लाकडाचा असो की लोखंडाचा, उत्तर तेच. एक आधार थोडा खचला तरी ८ आणि ८च. तिसरा आधार आला की हा हिशेब अपुरा पडतो. बेरीज १६ व्हावी आणि खांब कुठल्या बाजूला कलंडू नये, या दोन अटींवरून तीन आकडे निघत नाहीत. मग खांब किती वाकतो आणि कोणता आधार किती दबतो, हे पाहावं लागतं. तिन्ही आधार एका रेषेत आणि पक्के असतील, तर वाटणी येते ३, १० आणि ३. मदतीला आलेल्या टेकूच्याच डोक्यावर १०! आणि टोकाचा एक आधार पुरता खचला, तर दुसऱ्या टोकावरचाही भार उठतो आणि सगळे १६ टन मधल्यावर येतात.

आता वाकणं म्हणजे काय ते पाहू. हा फोमचा तुकडा आणला आहे. याच्या बाजूवर स्केचपेनने सारख्या अंतरावर उभ्या रेघा मारल्या आहेत. टोकं दोन पुस्तकांवर ठेवून मधोमध बोटाने दाबतो. पुढच्या रांगेतल्यांना दिसेल, वरच्या कडेला रेघा जवळ आल्या, खालच्या कडेला फाकल्या आणि मधल्या उंचीवर अंतर होतं तेवढंच राहिलं. म्हणजे वर दाब, खाली ताण आणि मध्ये यातलं काहीच नाही. आता पुस्तकं काढतो, तुकडा मधोमध एका पेनवर तोलतो आणि टोकं हलकेच खाली दाबतो. या वेळी वरच्या रेघा फाकल्या. ताणाची बाजू उलटली.

गॅलिलिओच्या खांबाचं हेच झालं. गंमत म्हणजे टोकांवर टेकलेल्या आणि मध्यावर तोललेल्या खांबात वाकवणारा जोर, ज्याला इंजिनिअर बेंडिंग मोमेंट म्हणतात, आकड्याने सारखाच भरतो. टोकांचे आधार थोडे आत सरकवलेले असतील, तर मध्यावर तोललेल्यातच जास्त. खुद्द गॅलिलिओचं तुळईचं गणितही चुकलं होतं. सगळ्या छेदात ताणच आहे असं धरल्यामुळे त्याला ताकद तिप्पट मिळाली. दाब आणि ताण यांची नीट वाटणी करून आजचं सूत्र रूढ केलं ते फ्रान्सच्या नाविएने, १८२६ मध्ये छापलेल्या आपल्या व्याख्यानांत.

त्या सूत्रातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. लाकडी तुळईची रुंदी दुप्पट केली तर ताकद दुप्पट होते, पण उंची दुप्पट केली तर चौपट. म्हणून तुळई उभी बसवतात. दुसरी गोष्ट, मीटरमागचा भार तोच ठेवून गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, दुप्पट केला, तर वाकवणारा जोर चौपट होतो आणि झोळ सोळापट. हॉल मोठा हवा म्हणून मधला कॉलम काढायला निघालेल्याने हा सोळाचा आकडा आधी आठवावा.

काँक्रीट दाबाला दणकट आणि ताणाला दुबळं. ताण सोसण्याची त्याची कुवत दाबाच्या जेमतेम एक दशांश. म्हणून जिथे ताण तिथे सळई. साध्या बीमला मध्यावर ती खालच्या अंगाला लागते. भिंतीबाहेर काढलेल्या बाल्कनीला मात्र वरच्या अंगाला, कारण ती लोंबते.

स्लॅब पडतो तो दिवस आठवा. मिक्सर धडधडतो आहे, घमेली हातोहात पुढे जाताहेत. बाल्कनीच्या सळया वर उचलून धरायला खाली वाकवलेल्या लोखंडाच्या चेअर असतात. त्या कमी पडल्या आणि माणसं जाळीवरून ये-जा करू लागली, की सळया दबतात. मग वर माल पडतो आणि सगळं झाकलं जातं. पाच इंची स्लॅबमध्ये सळई खालून चार इंचांवर हवी होती. ती दोन इंचांवर गेली, तर ताकद निम्म्याहूनही खाली येते. लोखंड तेवढंच, सिमेंट उत्तम, बिलही तेवढंच. फक्त जागा चुकली.

पुढे बाल्कनीला तडे दिसू लागतात आणि कुणीतरी बाहेरच्या कडेखाली विटांचा खांब बांधून देतो. इंजिनिअर येईपर्यंत तात्पुरता टेकू देणं समजण्यासारखं आहे. पण त्या खांबाच्या भरवशावर बाल्कनी बंद करून खोली केली, वर भिंत आणि टाकी चढवली, तर? घराच्या स्लॅबवर वापराचा भार चौरस मीटरला साधारण २०० किलो धरावा, असं आपलं भारतीय मानक सांगतं. हजार लिटरच्या टाकीत नुसतं पाणीच एक टन असतं. हा नवा भार दोन आधारांमध्ये येतो, त्याचा ताण खाली येतो आणि खाली लोखंड नावापुरतं. शिवाय तो विटांचा खांब उभा कशावर आहे? नुसत्या फरशीवर असेल, तर त्यात आणि कुजक्या ओंडक्यात फार फरक नाही.

वजन एका ग्रॅमनेही न वाढता केवळ वाट बदलल्याने काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीतलं आहे. तिथल्या हयात रीजन्सी हॉटेलात चौथ्या आणि दुसऱ्या मजल्यावरचे पादचारी पूल एकाखाली एक, छतापासून सळयांनी टांगलेले होते. मूळ आराखड्यात एकच लांब सळई दोन्ही पुलांतून खाली जात होती. प्रत्येक पुलाखाली एक नट आणि त्याच्यावर त्याच पुलाचा भार. काम सोपं व्हावं म्हणून सळईचे दोन तुकडे केले. एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरा वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. झालं! खालचा पूल आता वरच्या पुलाला लटकला आणि वरच्या नटावर दोन्ही पुलांचा भार आला. मूळ सांधाही नियमाला पुरा पडत नव्हता, त्यावर हा दुप्पट बोजा. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी, खाली नाचाचा कार्यक्रम चालू असताना, दोन्ही पूल कोसळले. ११४ माणसं गेली. कागदावर त्या एका नटाभोवती वर्तुळ काढून ‘याच्यावर काय काय येतं?’ एवढं विचारलं असतं, तरी चूक दिसली असती.

आतापर्यंत भार वरून खाली येत होता. भूकंपात तो आडवा येतो. तिथे जेवढं वजन तेवढा जोर, आणि जो ताठ त्याच्याकडे जोराचा मोठा वाटा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जाड दगडी भिंती आणि मातीची जड माळवदं माणसांवर कोसळली. भिंती जाड होत्या, पण चिखलात रचलेल्या. आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत गुंतलेला नव्हता. हे झालं वजनाचं; आता ताठपणाचं पाहू. व्हरांड्यात दोन कॉलमांमध्ये अर्ध्या उंचीची भिंत बांधली की कॉलमचा मोकळा भाग निम्मा राहतो आणि त्याचा ताठपणा आठपट होतो. शेजारच्या कॉलमांच्या वाट्याचा जोर तो स्वतःकडे ओढतो आणि आधी फुटतो. भिंत बांधणाऱ्याला वाटलेलं असतं, आपण आधारच दिला. याच्या उलट, पार्किंगसाठी तळमजला मोकळा सोडला की तो वरच्या मजल्यांपुढे लेचापेचा ठरतो. २००१ च्या भुजच्या भूकंपात दोनशेहून अधिक किलोमीटर दूरच्या अहमदाबादेत अशा इमारती पडल्या.

तेव्हा घरात भिंत काढायची असो की खांब घालायचा, दोन प्रश्न आधी विचारा. आज इथून भार कुठे जातो? उद्या कुठे जाईल? उत्तर देण्याचं काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचं, पण प्रश्न आपणच विचारायचा आहे. आपल्याकडच्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट सांगितलं आहे. ते करायला येणारा इंजिनिअर सगळ्यात आधी आरसीसीचे नकाशे मागतो, कारण सळई वर आहे की खाली, हे भिंतीकडे बघून कळत नाही. सोसायटीच्या पुढच्या सभेत रंगाचा विषय निघण्याआधी सेक्रेटरींना विचारा, ते नकाशे कुठे आहेत? कपाटात नसतील, तर मूळ आर्किटेक्टकडे किंवा महापालिकेच्या दप्तरी मिळतात का, याचा शोध उद्यापासूनच सुरू करा.