बोआचे रंग आणि त्यांची पैदास



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही "बोआ सापाचे दुर्मिळ रंग" असे उत्तर दिले. क्षणभर ते काही बोलेनात. मग जरा चाचरत म्हणाले, "वसंताला साजेसा दुसरा एखादा विषय नाही का?" आम्ही म्हटले, "रंगाहून वसंताला अधिक साजेसे काय असते?" या युक्तिवादापुढे ते निरुत्तर झाले, आणि त्याचे फळ आज आपणां सर्वांना भोगावयाचे आहे.

आम्ही आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवले. पण या विषयाकडे आम्हांला ओढले ते एका जुन्या विद्यार्थिनीने. तिने मोबाइलवर एक चित्र दाखवले. पिवळसर पांढऱ्या अंगाचा, पाठीवर केशरी खोगिरे असलेला, लाल डोळ्यांचा एक साप एका अमेरिकन गृहस्थाच्या हातावर वेटोळे घालून बसला होता. "सर, हा अजगर रंगवलेला आहे ना?" तिने विचारले. आम्ही सांगितले की, हा अजगर नाही आणि रंगवलेलाही नाही. आजचे व्याख्यान म्हणजे या दोन वाक्यांचा विस्तार आहे.

अजगर नाही, हे आधी सांगून टाकू. आपला अजगर अंडी घालतो आणि मादी त्यांभोवती वेटोळे घालून बसते. बोआ हा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला साप. त्याची मादी जिवंत पिल्ले देते, एका वेळी साधारण दोन डझन, कधी याहून पुष्कळ अधिक. बोआच्या गोतातले सभासद आपल्याकडेही आहेत. ज्याला आपण दुतोंड्या म्हणून उगाच बदनाम केले, तो मांडूळ त्याच गोतातला. दुरक्या घोणसही त्यातलाच. मांडुळाने गुप्तधन सापडते या खुळापायी आपल्याच राज्यात त्याची किती चोरटी विक्री होते, हे वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना सांगावयास नको. तेव्हा अमेरिकेतल्या सापाच्या वेडाला हसण्यापूर्वी आपण आपले अंगण पाहिलेले बरे.

आता रंगाकडे वळू. रानातला बोआ तपकिरी-करडा असतो. पाठीवर गडद खोगिरांची रांग असते आणि शेपटीकडे ही खोगिरे विटकरी लाल होत जातात. वाळलेल्या पाचोळ्यात तो पडला असेल तर पायाखाली येईपर्यंत दिसावयाचा नाही. हा रंग एकजिनसी नसतो. कातडीत निरनिराळ्या पेशींचे थर असतात. काहींत मेलॅनिन हे काळे-तपकिरी द्रव्य असते, काहींत पिवळी व तांबडी द्रव्ये असतात, आणि काहींत रंग मुळीच नसून प्रकाश परतवणारे सूक्ष्म स्फटिक असतात. कापडावर ठसे उठवणारा छिपा एकावर एक ठसे मारून नक्षी पुरी करतो, तसाच हा प्रकार. एखादा ठसा मारावयाचा राहिला तर नक्षी नाहीशी होत नाही, निराळी दिसते. काळा ठसा राहिला तर खालचे पिवळे-केशरी उघडे पडते. आमच्या विद्यार्थिनीने पाहिला तो हा वर्णहीन, म्हणजे 'अल्बिनो' बोआ. तांबडा ठसा राहिला तर साप राखाडी आणि काळा दिसतो. दोन्ही राहिले तर तो जवळजवळ पांढरा दिसतो. पाळणारे त्याला 'स्नो', म्हणजे बर्फ, म्हणतात.

पण हा ठसा का राहतो, आणि हवा तेव्हा तो चुकवता येतो का? येथे आपल्याला ब्रुनच्या मठातल्या त्या धर्मगुरूकडे जावे लागते, ज्याने वाटाण्याच्या वेलांवर प्रयोग करून १८६६ साली आपला निबंध छापला. मेंडेलचे म्हणणे थोडक्यात असे: प्रत्येक गुणाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक बापाकडची. अल्बिनोपणा हा सुप्त गुण आहे. एक प्रत बिघडलेली आणि एक धड असेल तर धड प्रत काम निभावून नेते आणि साप दिसावयास अगदी साधा असतो. दोन्ही बिघडल्या तरच रंग बदलतो. म्हणून अल्बिनो नर साध्या मादीला दिला तर सगळी पिल्ले साधी होतात. पाळणारा निराश होत नाही; प्रत्येक पिल्लाच्या पोटात एक प्रत दडलेली आहे हे तो जाणतो. ती पिल्ले मोठी होऊन त्यांची आपसांत जोडी लावली की चारांत एक, या हिशेबाने अल्बिनो जन्मतात.

"मोठी होऊन" हे दोन शब्द आम्ही सहज उच्चारले, पण सगळी तपश्चर्या तेथेच आहे. बोआची मादी वयात यावयास सामान्यतः तीन-चार वर्षे लागतात. हिवाळ्यात रात्रीची ऊब थोडी कमी करावयाची, जोडी एकत्र ठेवावयाची, आणि मग महिनोन् महिने वाट पाहावयाची. बीज सुटल्यापासून वीण होईपर्यंतच सुमारे चार महिने जातात. चांगला पाळणारा मादीला दरवर्षी विऊ देत नाही. म्हणजे आज आरंभ केला तर नातवंडांचा रंग पाहावयास सात-आठ वर्षे धीर हवा. आणि 'स्नो' हवा असेल, तर दोन सुप्त गुण एकाच पिल्लात जुळून यावे लागतात. ज्यांच्या अंगी दोन्ही गुण दडलेले आहेत अशा जोडीपासून ती संधी सोळांत एक. चोवीस पिल्लांची वीण झाली तर सरासरी दीड! अर्ध्या पिल्लाचे काय करावयाचे हे मेंडेलने सांगितलेले नाही. प्रत्यक्षात कधी तीन होतात आणि कधी एकही होत नाही.

सगळेच रंग असे लपून बसत नाहीत. काळेपणा कमी करून गुलाबी-केशरी झाक आणणारा एक गुण आहे, त्याला 'सामन' म्हणतात. त्याची एक प्रतही पुरते. त्याची आणि अल्बिनोची सांगड घातली की 'सनग्लो'. नावे अशी एकाहून एक उजळ आहेत. साडीच्या दुकानात शोभावीत अशी.

या उद्योगातली सर्वांत बोधप्रद गोष्ट मात्र एका अपेक्षाभंगाची आहे. अमेरिकेत अल्बिनो बोआचे दोन प्रमुख वाण निरनिराळ्या पाळणाऱ्यांकडे निपजले. त्यांना 'काल' आणि 'शार्प' ही नावे आहेत. दोन्ही दिसावयास बरेचसे सारखे, दोन्ही सुप्त. साहजिकच वाटेल की, या वाणाचा नर आणि त्या वाणाची मादी यांची सगळी पिल्ले अल्बिनोच निघतील. निघाली ती एकजात साधी, तपकिरी! कारण उमगले की आपण मेंडेलला खऱ्या अर्थाने समजलो. मेलॅनिन एका कारागिराच्या हातून तयार होत नाही; एकाने केलेले दुसऱ्याने पुढे न्यावे, अशी कारागिरांची साखळी असते. एका वाणात एक कारागीर गैरहजर, दुसऱ्या वाणात दुसराच. पिल्लाला आईकडून एकाची आणि बापाकडून दुसऱ्याची धड प्रत मिळते. साखळी पुरी होते आणि काळा रंग परत येतो. वर्गात खडूने फळा भरून जे पटवता येत नाही, ते एका विणीने पटते.

येथे नीतीचा प्रश्न उभा राहतो, आणि तो आम्हांला रंगाहून मोठा वाटतो. गुण दडवून ठेवणारे दोन साप एकत्र आणले तर तीन साधी पिल्ले आणि एक अल्बिनो. त्या तिघांपैकी दोघांच्या पोटी गुण असतो, एकाच्या नसतो, आणि डोळ्यांनी तिघांत फरक करता येत नाही. बाजारात अशी पिल्ले "सहासष्ट टक्के" म्हणून विकली जातात. म्हणजे गिऱ्हाईक साप विकत घेत नाही. विकणाऱ्याचा शब्द विकत घेते. तो शब्द खोटा होता हे चार-पाच वर्षे साप पोसून, जोडी लावून, वीण पाहिल्यावर कळावयाचे! ज्या व्यापारात खोटे उघडे पडावयास इतकी वर्षे लागतात, तेथे वंशावळीची वही हेच खरे भांडवल. जे पाळणारे ही वही काटेकोर ठेवतात त्यांच्याविषयी आम्हांला आदर आहे.

अशाच वह्यांमुळे विज्ञानाला एक नवल गवसले. अमेरिकेतल्या एका मादीच्या अंगी 'कॅरमल' नावाचा दुर्मिळ सुप्त रंग होता. तिच्याबरोबर नर ठेवले होते, पण त्यांच्यापैकी कोणाच्याही वंशात तो रंग नव्हता. तरीही तिच्या दोन विणींत मिळून बावीस पिल्ले झाली, ती सगळी माद्या, आणि सगळ्या कॅरमल! बापाकडची धड प्रत आली असती तर एकही पिल्लू तसे निघते ना. मग बाप होता कोठे? वॉरन बूथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनए तपासून २०११ साली जाहीर केले की, बापच नव्हता. आईने एकटीनेच ही पिल्ले जन्माला घातली होती. रंग साधा असता तर कोणाला शंकाही आली नसती. त्या वेळी समजूत अशी होती की, या सापांत लिंग ठरवणारी गुणसूत्रे कोंबड्यांसारखी असतात, आणि म्हणून या मुलींची जोडी फार विलक्षण ठरली होती. २०१७ साली दुसऱ्या संशोधकांनी दाखवले की, बोआची व्यवस्था आपल्या माणसांसारखी आहे. तेव्हा आईकडून मुलीच होणार हे उघडच होते. सहा वर्षांत शास्त्राने आपलेच म्हणणे दुरुस्त केले. आम्हांला हे फार आवडते.

पण उजळ रंगांमागे काळोखही आहे. 'मॉटली' नावाच्या नक्षीची एक प्रत असेल तर साप देखणा दिसतो. दोन्ही प्रती आल्या तर पिल्लू काळेभोर निपजते आणि बहुधा फार जगत नाही, असा पाळणाऱ्यांचाच अनुभव आहे. तरीही अशा जोड्या लावल्या जातात. जे पिल्लू जगणार नाही हे ठाऊक आहे, ते केवळ कसे दिसते हे पाहण्यासाठी निपजवणे आम्हांला मान्य नाही. दुसरे संकट रोगाचे. पेशींत गाठोडी साचवणारा एक असाध्य विकार बोआच्या संग्रहांत फार वर्षे पसरत होता. त्यामागे विषाणूंचा एक नवा गट असावा हे कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली दाखवले. बोआ हा विषाणू अंगी बाळगून दीर्घकाळ निरोगी दिसू शकतो, आणि आईकडून पिल्लांकडे तो जातो हेही पुढे सिद्ध झाले. म्हणजे सुंदर रंगाबरोबर वारशात हेही येऊ शकते, आणि हेही डोळ्यांना दिसत नाही.

आणि मूळ साप येतो कोठून? होंडुरासच्या उत्तर किनाऱ्यालगत कायोस कोचिनोस नावाची चिमुकली बेटे आहेत. तेथले बोआ आकाराने लहान आणि फिकट गुलाबी असतात. दिवसरात्रीच्या फरकाने त्यांचा रंग गडद-फिका होतो. ते माणसाने घडवलेले नाहीत, बेटानेच घडवले. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीपासून नव्वदीच्या आरंभापर्यंत हे साप हजारोंनी पकडून परदेशी बाजारात धाडले गेले, आणि बेटावर बोआ दिसेनासा झाला. पुढे संरक्षण मिळाले, बेटावर माणसे जागरूक झाली, आणि संख्या पुन्हा सावरली. ब्राझीलमध्ये सापडलेला एक पांढराशुभ्र बोआ तर चक्क प्राणिसंग्रहालयातून चोरट्या मार्गाने अमेरिकेला गेला. त्याचा खटला यूटा राज्यात चालला. उलट्या दिशेचे दुःखही आहे. अरुबा आणि पोर्तो रिको येथे बोआ मुळात नव्हते. माणसाबरोबर गेले आणि आता तेथले पक्षी खाऊन सुखाने नांदत आहेत.

म्हणून घरात पैदास झालेल्या सापाचा आम्ही सरसकट निषेध करीत नाही. पिंजऱ्यात जन्मलेला प्रत्येक बोआ रानातल्या एका बोआला वाचवू शकतो. मात्र दुर्मिळ रंगाला भलती किंमत येऊ लागली की रानात तोच रंग शोधणारेही निघतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

त्या विद्यार्थिनीला हे सगळे आम्ही सांगितले. तिने शेवटी मनातले विचारले: "सर, मी एक पाळू का?" आम्ही आधी कायदा सांगितला. बोआ आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या यादीत आहे. आपल्याकडे २०२२ च्या दुरुस्तीनंतर असा प्राणी बाळगणाऱ्याने सरकारदरबारी नोंद करावी लागते, आणि पिल्ले झाली तर तीही कळवावी लागतात. मग आम्ही तिला फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातल्या 'पॉपाय' नावाच्या बोआची हकीकत सांगितली. तो १९७७ साली वारला, तेव्हा त्याचे वय चाळीस वर्षांहून अधिक होते. सगळेच इतके जगत नाहीत. पण नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षे सहज.

तिने मनाशी हिशेब केला. "म्हणजे माझ्या मुलीचे लग्न होईल तेव्हाही हा घरात असेल?"

"असेल," आम्ही म्हटले, "आणि तेव्हा तो सात-आठ फूट असेल."

तिने चित्र पुन्हा एकदा पाहिले, मोबाइल पिशवीत टाकला, आणि चहा ठेवू का म्हणून विचारले.