बादशहाच्या भाषेत बादशहाला जाब

इतवारा, शनवारा अशी वारांची नावे मिरविणाऱ्या बऱ्हाणपुरात एके काळी फार्सी ही मानाची भाषा होती. मोगल सेनापती अब्दुर्रहीम खानखाना याच्या आश्रयास येथे इराणातून आलेले कवी असत व त्याच्या औदार्याचे गुणगान करीत. १६८१ साली दक्षिण जिंकण्यास निघालेला औरंगजेब येथेच येऊन उतरला. त्याची फर्मानेही फार्सीतच निघत. अशी ही भाषा स्तुतीची आणि हुकमाची!

त्याच भाषेत १७०५ साली त्याच बादशहाला जाब विचारला गेला. तो विचारणारे गुरू गोविंदसिंह पुढे १७०८ साली नांदेडच्या वाटेवर बऱ्हाणपुरास थांबले होते. येथील बडी संगत हा गुरुद्वारा त्या मुक्कामाची आठवण सांगतो. त्यांच्या या पद्यपत्राचे नाव ‘जफरनामा’, म्हणजे विजयपत्र. आनंदपूर सोडल्यास सुखरूप जाऊ देऊ, अशी कुराणाची शपथ त्यांना देण्यात आली होती. ती मोडली गेली. चारही पुत्र गेले. आणि तरीही पत्र विजयाचे!

या पत्राचा नाद मराठी कानाला परका वाटू नये. ‘मनाचे श्लोक’ ज्या भुजंगप्रयात वृत्तात आहेत, त्यात ‘लगागा’ हा गण चारदा येतो. जफरनाम्याच्या ओळीत तो तीनदा येतो व शेवटी ‘लगा’ एवढेच उरते. शेवटचे एक दीर्घ अक्षर गळाल्यामुळे ओळ लांबत नाही. ठोका पडल्यासारखी थांबते. दर दोन ओळींचे यमक जुळते आणि प्रत्येक आरोप तेथल्या तेथे पुरा होतो. हेच वृत्त फिर्दौसीच्या ‘शाहनाम्या’चे. कवीने फिर्दौसीचे नावही घेतले आहे. राजांच्या पराक्रमकथांची ही चाल येथे एका राजाचा वचनभंग सांगण्यास योजिली आहे.

मांडणीही तशीच मार्मिक. बादशहाचे रूप, त्याची बुद्धी, त्याची घोडेस्वारी यांची वाखाणणी एकामागून एक येते. ऐकणाऱ्यास दरबारी स्तुतीच वाटावी. मग धर्माचा उल्लेख येतो, आणि हा राजा धर्मापासून दूर आहे, असा निवाडा पडतो. आधीच्या स्तुतीमुळेच तो अधिक झोंबतो. कवीने कुराणाला मात्र दूषण दिले नाही. उलट त्याचीच साक्ष काढली. ज्या ग्रंथावर हात ठेवून शब्द दिला, तोच ग्रंथ साक्षीदार झाल्यावर आरोपीने कोणाकडे दाद मागावी?

भाई दयासिंग आणि भाई धरमसिंग हे पत्र घेऊन अहमदनगरकडे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरकडे, निघाले. तेथेच १७०७ साली औरंगजेबाचा अंत झाला. त्याचे राज्य पुढे मोडले, फार्सीही राजभाषा उरली नाही. पण त्या पत्रातील आरोप आजही त्याच ठेक्यात वाचला जातो. निषेधाला शिवीगाळ लागत नाही. समोरच्याने दिलेला शब्द नीट लक्षात ठेवून, त्याला समजेल अशा भाषेत, पुन्हा त्याच्यापुढे ठेवला की पुरे होते.