धनुष्याचं लाकूड

धामण म्हटलं की आपल्याला साप आठवतो. पण त्याच नावाचं एक झाडही आपल्या रानात आहे. सागासारखा त्याला बाजारात मान नाही. मात्र कुऱ्हाडीचा दांडा, खांद्यावरची कावड आणि धनुष्य यांसाठी जाणती माणसं धामणच शोधत आली. तिचं लाकूड वाकतं आणि पुन्हा सरळ होतं.

धनुष्य ओढलं की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. दोन्ही सोसणारं लाकूड थोडं. त्यातही गाठ नको, रेषा सलग हवी. म्हणून ते रेषेरेषेनं फोडून काढायचं आणि सावलीत सावकाश वाळवायचं.

फारसीत कमान म्हणजे धनुष्यच. मराठीत आल्यावर ती दारावर चढून बसली, आणि तिरासोबतची तिची ओळख पुसट झाली. झाडांचंही असंच होतं.

इंग्लंडमध्ये यू वृक्षाच्या लाकडाची एवढी टंचाई झाली की १४७२ साली कायदा करावा लागला. परदेशी मालाच्या दर टनामागे धनुष्याच्या चार काठ्या आणणं व्यापाऱ्यांना सक्तीचं झालं. आपल्याकडे धामणीसाठी कोण कायदा करणार?

मंडळी, पुढच्या पावसाळ्यात रोपवाटिकेत गेलात तर सागाबरोबर धामणही मागा. रानाकाठच्या एखाद्या आजोबांना झाड दाखवायला सांगा. ते ओळखतील. त्यांच्या नातवालाही ओळखता यावं, इतकी झाडं तरी राहायला हवीत.