थांब म्हटले की थांबायचे

(पवनार येथे आरोग्यसेविका व आशाताईंच्या मेळाव्यात केलेले भाषण)



बाळंतपणाच्या तपासणीला आलेली एखादी बाई टेबलावर झोपताच ताठ होते, पाय आवळून घेते, आपला हात झटकते. आपण म्हणतो, "अगं, नाटक करू नकोस!" पण त्या क्षणी ती मनाने दवाखान्यात नसते. पूर्वी कुणी बळजबरी केली असेल, तर एखादा स्पर्श, वास किंवा चढलेला आवाज तिला तोच प्रसंग पुन्हा भोगायला लावतो.

आपल्या विदर्भाने हे दुःख जवळून पाहिले आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत, या वैद्यकीय नोंदीचाही आधार घेत १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले. देशभरातल्या बाया रस्त्यावर उतरल्या. १९८३ साली कायदा बदलला. २०२२ साली त्याच न्यायालयाने 'दोन बोटांची तपासणी' करू नका, असे बजावले. तपासणीनेच बाईची जखम पुन्हा उघडी पडते, हे न्यायालयानेही मानले.

मग आपण काय करायचे? हात लावण्याआधी विचारा. पुढे काय करणार, ते तिला कळेल अशा भाषेत सांगा. आपल्याला गोंडी येत नसेल, तर तिच्या विश्वासाची बाई सोबत राहू द्या. "तू हात वर केलास की मी थांबते," असे आधीच ठरवा आणि खरोखर थांबा. तिला दाबून धरू नका.

ती घाबरलीच, तर हात बाजूला घ्या. हळू बोला : "बाई, तू दवाखान्यात आहेस. तुझी आई इथेच आहे." डोळे उघडे ठेवून समोरच्या पाच वस्तूंची नावे घ्यायला सांगा. पाय जमिनीला टेकवू द्या, श्वास सावकाश सोडू द्या. सावरल्यावर पुढे जायचे का, हे तिलाच विचारा. काय घडले ते खोदून विचारू नका. तिने सांगितले तर ऐका, पण गावात बोलू नका. त्रास पुन्हापुन्हा होत असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक द्या.

इथे धाम नदीकाठी विनोबांनी १९५९ साली ब्रह्मविद्या मंदिर सुरू केले. तिथल्या बहिणी सर्वांच्या संमतीने निर्णय घेतात. आपल्या तपासणीच्या टेबलावर तर एकाच बाईची संमती हवी असते. तेवढी घेतल्याशिवाय हात पुढे करू नका.