वाडा एक, बिऱ्हाडें अनेक

शाळेंत इतिहास शिकवितांना एखाद्या जुन्या वास्तूचा विषय निघाला कीं मुलें हटकून विचारीत, “मास्तर, ती मूळची कोणाची?” हा प्रश्न मला कधींच पुरेसा वाटला नाहीं. वास्तु कोणीं बांधली याबरोबरच ती पुढें कोणाच्या उपयोगीं पडत गेली, हेंहि विचारावयास हवें. याच दृष्टीनें पॅरिस शहरांतील एका वाड्याची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें.

त्याचें नांव ‘ओतेल बिराँ’. ‘ओतेल’ म्हणजे आपलें उपाहारगृह नव्हे. सरदार-सावकारांच्या शहरांतील वाड्याला फ्रेंच भाषेंत हा शब्द लावितात. बांधणारा मात्र जन्मानें सरदार नव्हता. अब्राहाम पेरांक द मोरा हा केसांचे टोप करणाऱ्या न्हाव्याचा मुलगा. १७१९-२० सालीं जॉन लॉ याच्या शेअरांच्या सट्ट्यांत पुष्कळांचीं घरें बुडालीं; हा गबर झाला. १७२७ च्या सुमारास जागा घेऊन झाँ ओबेर या स्थापत्यकाराकडून त्यानें वाडा उभारिला. पण १७३२ सालींच तो वारला. त्याच्या विधवेनें तो मेनच्या डचेसला भाड्यानें दिला. १७५३ सालीं सेनापति बिराँ यांनीं तो विकत घेतला, बाग नामांकित केली आणि आपलें नांव मागें ठेविलें. १७८८ सालीं ते वारले. पुढच्याच वर्षीं राज्यक्रांति झाली. नेपोलियनच्या काळांत येथें पोपचे वकील राहिले, नंतर रशियाचे.

१८२० सालीं ‘सेक्रेड हार्ट’ पंथाच्या जोगिणींनीं येथें मुलींची शाळा घातली. वैभवाचा हा थाट विद्यार्थिनींस अनिष्ट, असें मानून त्यांनीं भिंतींवरील कोरीव लांकडी काम, आरसे व चित्रें काढून टाकिलीं. कलेचे अभ्यासक त्यांना दोष देतात. तें नुकसान खरेंच. परंतु गळक्या छपराखालीं वर्ग भरविण्याचा प्रसंग माझ्यावर आलेला आहे, म्हणून मी एवढेंच म्हणेन: ज्या घरांत रोज घंटा वाजते, त्या घराचें छप्पर कोणी ना कोणी दुरुस्त करतोच. ऐंशींहून अधिक वर्षें हा वाडा त्या घंटेवर तगला.

१९०४ च्या कायद्यानें धार्मिक संघांस शिकविण्याची बंदी झाली. शाळा उठली, बागेंत रान माजलें, वाडा पाडून जमीन विकण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. तोंवर खोल्या स्वस्त भाड्यानें देण्यांत आल्या. चित्रकार मातीस, लेखक कॉक्तो, नर्तकी इसाडोरा डंकन अशीं बिऱ्हाडें आलीं. शिल्पकार क्लारा वेस्टहोफ येथें राहत होती. तिचे पति कवि रिल्क यांनीं १९०८ सालीं वृद्ध शिल्पकार रोदँ यांना ही जागा दाखविली. रोदँ यांनीं तळमजल्यावरील खोल्या घेतल्या आणि त्या वाड्यावर त्यांचा जीव जडला.

१९११ सालीं सरकारनें वाडा विकत घेतला व भाडेकरूंना निघण्यास सांगितलें. रोदँ यांनीं उलट मागणी घातली: माझीं सर्व शिल्पें व संग्रह राष्ट्राला देतों, येथें त्यांचें संग्रहालय करा आणि मला मरेपर्यंत राहूं द्या. वाद पुष्कळ माजला. अखेर १९१६ सालीं, महायुद्ध चालू असतांनाच, फ्रेंच पार्लमेंटानें ही देणगी स्वीकारली. १९१७ सालीं रोदँ निवर्तले. १९१९ सालीं संग्रहालय उघडलें. जोगिणींनीं काढलेल्या कोरीव कामाचा कांहीं भागहि पुढें परत मिळविण्यांत आला. आज त्या बागेंत रोदँ यांचा ‘विचारमग्न पुरुष’ हनुवटीला हात लावून बसलेला दिसतो.

श्रोतेहो, वाडा बांधला सट्टेवाल्यानें, नांव राहिलें सेनापतीचें, छप्पर टिकविलें शाळेनें आणि पाडापाडींतून वाचविला तो एका भाडेकरूनें. “मूळची कोणाची?” असें विचारणाऱ्या मुलांना मी हेंच सांगत आलों कीं, वास्तूचा वारस कोण हें केवळ खरेदीखत पाहून ठरत नाहीं, तिला नवें काम जो देतो, तोहि तिचा वारसच.