गोळ्या फुकट, वाट महाग
(सुगीच्या उपकारस्तुतीच्या उपासनेनंतर मंडळीपुढे केलेले भाषण)



पाळकसाहेबांनी मला दहा मिनिटे दिली आहेत. तेवढ्यात एका मुलाच्या दुखण्याचा हिशेब तुमच्यापुढे मांडतो.

हा मुलगा धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. सहावीत आहे, आमच्या वसतिगृहात राहतो. त्याला सिकलसेल आहे. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात, त्याच्या विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. मग हातपाय असे ठणकतात की पोर रात्रभर ओरडते. आईवडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण निघण्याची शक्यता चारात एक. आईबाप स्वतः धडधाकट असतात, त्यामुळे हे दुखणे आले कुठून ते त्यांना उमगत नाही. कधी कधी बोट एखाद्या निराधार म्हातारीकडे वळते. आमच्या भागात हे अजून घडते.

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. तपासणी होते, सरकारी दवाखान्यात हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या मोफत मिळतात. मग खर्च कसला, असे तुम्ही विचाराल.

पाड्यावरून सडकेपर्यंत पायी, तिथून धडगावपर्यंत जीप, पुढे नंदुरबारची एस.टी. एस.टी.त सिकलसेलच्या रुग्णाला सवलत आहे, जीपवाल्याकडे नाही. बापाची दोन दिवसांची मजुरी बुडते. दवाखान्याबाहेर सोबतच्या माणसांनी खायचे काय? एका रात्री दुखणे फार वाढले, तेव्हा जवळ म्हणून खासगी दवाखान्यात नेले. आधी अनामत मागितली. आईचे चांदीचे दागिने गहाण पडले. ते सोडवायला बापाने मुकादमाकडून उचल घेतली, म्हणजे दिवाळीनंतर नवराबायको गुजरातेत ऊसतोडीला जाणार हे ठरले. धाकट्या भावंडांना सांभाळायला थोरली बहीण आठवीतून घरी बसली. मुलाच्या दुखण्याची किंमत खरे तर तिने मोजली.

शाळेला हे कळले ते तिच्या रिकाम्या जागेवरून. मुख्याध्यापकांनी मुलाचा फोटो लावून फलक केला नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. त्यांनी शिक्षकांची आणि पालकांची बैठक घेतली. शिक्षकांनी एक दिवसाचा पगार दिला. पालकांनी मका आणला, आमचूर आणला, तो बाजारात विकून पैसे केले. उरलेली रक्कम आपल्या मिशनच्या आकस्मिक निधीतून गेली. मुलाचा बाप मात्र अडून बसला. "भीक नको," एवढेच म्हणाला. तेव्हा एक वयस्कर पालक उठले. "तुझ्या शेतात निंदणीला सगळा पाडा येतो, तेव्हा ती भीक असते का?" बाप खाली बसला. मुकादमाची उचल फिटली.

बिनखर्चाची मदतही पुष्कळ झाली. वर्गात त्याला पाण्याची बाटली जवळ ठेवायची आणि न विचारता लघवीला जायची मुभा मिळाली, कारण पाणी कमी पडले की दुखणे उठते. थंडीत पहाटेची आंघोळ बंद झाली. एक शिक्षक दवाखान्यात सोबत जातात, रेशनकार्ड आणि आधारची झेरॉक्स त्यांच्याच पिशवीत असते. स्वयंपाकीण मावशी आदल्या रात्री भाकरी बांधून देतात.

मार्काच्या दुसऱ्या अध्यायातला पक्षाघाती तुम्हांला ठाऊक आहे. चौघांनी त्याला उचलून नेले आणि छप्पर उघडून खाली सोडले. प्रभूने त्या माणसांचा विश्वास पाहिला, असे लिहिले आहे. छप्पर पुन्हा कोणी शाकारले, ते मात्र लिहिलेले नाही. मला वाटते, आपल्या वाट्याला बहुतेक वेळा तेच काम येते.

बहीण या जूनपासून पुन्हा शाळेत आहे, एक वर्ष मागे. बाप अधूनमधून येऊन शाळेची परसबाग निंदून जातो. त्याला कोणी सांगितलेले नाही.

आमच्या शाळेत सिकलसेलची आणखी मुले आहेत. दाराजवळच्या पेटीत आज जे पडेल ते केवळ त्यांच्या प्रवासाला आणि सोबतच्या माणसांच्या जेवणाला वापरू, आणि हिशेब पुढच्या अंकात छापू. जुने कपडे कृपया पाठवू नका, गोदाम भरले आहे. पेटीशेजारी वही आहे, ज्यांना रक्तदान करता येईल त्यांनी आपला रक्तगट आणि फोन नंबर तीत लिहावा.